वाचकांचे प्रश्न : कमी किमतीची स्कॉच कशी पारखावी?

प्रश्न : मी अलीकडे एक कमी किमतीची ब्लेंडेड, म्हणजे अनेक व्हिस्की मिसळून केलेली, स्कॉच आणली. बाटलीवर वयाचा उल्लेख नाही, रंग मात्र माझ्याजवळच्या महागड्या सिंगल माल्टपेक्षाही (एकाच डिस्टिलरीच्या माल्ट व्हिस्कीपेक्षाही) गडद आहे. पाणी न घालता घोट घेतला, तेव्हा जळजळीपलीकडे काहीच जाणवले नाही. ही व्हिस्की वाईट समजावी का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. स्कॉचमध्ये किमान 40 टक्के अल्कोहोल असते आणि जीभ सरावलेली नसताना पहिला घोट, व्हिस्की कितीही उंची असली तरी, जाळतोच. म्हणून तो हिशेबात न धरता दुसऱ्या घोटापासून चव पाहावी.

त्याआधी वास घ्यावा. तोंडाशी निमुळत्या होत गेलेल्या पेल्यात थोडीच व्हिस्की ओतून ती दहा मिनिटे तशीच राहू द्यावी आणि ओठ किंचित उघडे ठेवून, नाक पेल्यात न खुपसता, हुंगावी. मग तेवढेच पाणी घालून पुन्हा हुंगावी. व्हिस्कींचे मिश्रण जुळवणारे व्यावसायिक ब्लेंडरसुद्धा नमुने पाण्याने साधारण 20 टक्के अल्कोहोलपर्यंत सौम्य करून केवळ नाकाने पारखतात. माझ्या मते स्वस्त ब्लेंडची खरी परीक्षा या पाण्यातच होते : नीट जुळवलेल्या मिश्रणात फळांचा, मधाचा किंवा व्हॅनिलाचा गंध पाण्याने मोकळा होतो, तर घाईने उरकलेल्या मिश्रणातून कच्च्या धान्याचा किंवा नेलपॉलिशसारखा उग्र दर्प वर येतो. पीटच्या (माल्ट वाळवताना जाळल्या जाणाऱ्या दलदलीतील वनस्पतिज मातीच्या) धुरकट वासापासून मात्र सावध राहावे, कारण कोवळ्या व्हिस्कीचे बरेच दोष तो झाकून टाकतो.

हलकेपणाला दोष मानू नये. ब्लेंडेड स्कॉचमध्ये माल्टबरोबर (मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीबरोबर) ग्रेन व्हिस्की, म्हणजे मुख्यतः गहू किंवा मका अशा इतर धान्यांची हलकी व्हिस्की, असते. इनिअस कॉफी यांनी 1830 मध्ये पेटंट घेतलेल्या अखंड ऊर्ध्वपातनाच्या यंत्रामुळे ती मुबलक बनू लागली आणि 1860 च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच, गोदामात असतानाच, दोन्ही मिसळण्याची मुभा मिळाल्यावर हा प्रकार फोफावला. सौम्यता हाच त्याचा हेतू असल्याने त्याला सिंगल माल्टचे माप लावणे मला अन्यायाचे वाटते. घोट गिळल्यावर गोडवा काही क्षण टिकतो, की लगेच ओसरून कडवट लाकूड मागे राहते, एवढे पाहावे.

रंगावर मुळीच विसंबू नये, कारण नियमानुसार स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालता येतो. वय छापलेले असेल, तर ते मिश्रणातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. छापलेले नसले तरी प्रत्येक थेंब स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान 3 वर्षे मुरलेला असावाच लागतो.

आपण दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून पाहिल्या असतील, तर किमतीचा प्रभाव निकालावर पडलाच असेल. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडून आपल्या नकळत पेले भरून घ्यावेत, दोन्हींत सारखेच पाणी घालावे आणि टिपणे लिहून झाल्यावरच कोणत्या पेल्यात काय होते ते विचारावे.