गाव समेट कसा घडवतं?

प्रश्न : मी शांतता-अभ्यासात एम. ए. करते. प्रबंधासाठी मूलनिवासी समाजांच्या समेटाच्या पद्धती निवडल्या आहेत. मार्गदर्शक म्हणतात, ही लोकसंस्कृती झाली, तिला परिशिष्टात टाका. मैत्रीण म्हणते, या पद्धतींत बाईचं कोण ऐकतं? विषय बदलू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : मुळीच बदलू नका. हा विषय मी बरीच वर्षं शिकवला आणि अभ्यासक्रमांत एकच मांडणी पुन्हापुन्हा पाहिली : सिद्धांत युरोपचा, उदाहरण आफ्रिकेचं नाहीतर पॅसिफिकमधलं. योहान गाल्टुंग यांनी १९५९ साली ओस्लोत शांतता संशोधन संस्था उभी केली, त्यांचं ऋण मी मानतेच. पण ज्यानं घर जाळलं आणि ज्याचं जळलं, त्या दोघांनी एकाच गावात पुढे नांदायचं कसं, यावर काही समाजांनी पिढ्यानपिढ्या विचार केलेला आहे. त्याला ज्ञान म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

आग्नेय आशियातला पूर्व तिमोर हा बेटावरचा देश नीट वाचा. ऑगस्ट १९९९च्या सार्वमतात लोकांनी इंडोनेशियापासून वेगळं होण्याचा कौल दिला आणि इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. पुढे सत्य आणि समेट आयोगानं किरकोळ मारहाण, चोरी, घरं जाळणं, गुरं मारणं असे गुन्हे गावात मिटवायची सोय केली. खून आणि बलात्कार त्यातून वगळले, ते न्यायालयाकडेच राहिले. गुन्हेगाराचा कबुलीजबाब आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात तपासला जाई. मग गावात मोठी चटई अंथरली जाई, तिथल्या भाषेत ‘नाहे बिती’. जाणती मंडळी बसत, गुन्हेगार सर्वांसमोर बोले, ज्यांचं नुकसान झालं ते त्याला प्रश्न विचारत. मग ठरे : जाहीर माफी, भरपाई किंवा गावासाठी श्रम. झालेला करार जिल्हा न्यायालयात नोंदवला जाई आणि तो पाळला की त्या गुन्ह्याचा खटला संपे. अशा १,३७१ जणांनी ही प्रक्रिया पूर्ण केली. चटई नुसती शोभेला नव्हती. पूर्वजांना साक्षी ठेवून दिलेला शब्द मोडणं तिथं फार जड जातं. गावकऱ्यांना करार पक्का वाटला तो त्यामुळे, न्यायालयाचा शिक्का त्यानंतर आला. प्रबंधात हीच यंत्रणा उलगडून दाखवा.

मैत्रिणीची शंका रास्त आहे, ती टाळू नका. तिमोरच्या प्रथेत बोलण्याचा मान मुख्यतः पुरुषांचा. म्हणूनच पंचमंडळात स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा विचार नियमातच घालावा लागला. मात्र सगळीकडे एकच चित्र नाही. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावर बऱ्याच भागांत जमीन आईच्या वंशाकडून येते. पांगुना तांब्याच्या खाणीवरून १९८८मध्ये पेटलेलं युद्ध थांबवायला तिथल्या बायका जंगलात लपलेल्या आपल्या लढणाऱ्या मुलांशी बोलायला गेल्या. जमिनीच्या मालकिणी म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

रवांडाचं ‘गचाचा’ही घ्या, पण सावधपणे. गवतावर बसून जमिनीची, गुराढोरांची भांडणं सोडवणारी ही बैठक. सरकारनं तिच्यावर १९९४च्या वंशसंहाराचे खटले टाकले आणि तिच्या हाती तुरुंगवासाची शिक्षा दिली. २०१२पर्यंत सुमारे १२,००० न्यायमंडळांनी १९ लाखांहून अधिक प्रकरणं निकाली काढली. आरोपीला वकील नव्हता, आणि सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. माझ्या मते हा दोष गवतावरच्या बैठकीचा कमी आणि ती ताब्यात घेणाऱ्या सरकारचा जास्त. यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, दोन्ही बाजू मांडा.

मार्गदर्शकांना सांगा, परिशिष्ट नको, पद्धतीचं प्रकरणच हवं. ज्या जाणत्यांकडून शिकाल त्यांची संमती घ्या. त्यांची हरकत नसेल तर नावानिशी श्रेय द्या, ‘माहिती देणारे’ म्हणून मोकळ्या होऊ नका. जे बाहेर सांगायचं नाही असं ते म्हणतील, ते लिहू नका. मसुदा त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्या बायकांशी पंचांच्या गैरहजेरीत, वेगळं बसून बोला.