‘कोबालामिन’मधला चकवा

‘बी-कॉम्प्लेक्स’ला मराठीत काय म्हणावं आणि बी-१२ला ‘कोबालामिन’ का म्हणतात, असे दोन प्रश्न आलेत.

पहिल्याचं उत्तर: ब-समूह. त्यात आठ वेगवेगळी जीवनसत्त्वं येतात. म्हणून ‘माझं बी-कॉम्प्लेक्स कमी आलंय’ हे सारखं ऐकून कान किटले आहेत. आठांतलं कोणतं कमी? थायामिन (बी-१) घटलं तर बेरीबेरी, नायासिन (बी-३) घटलं तर पेलाग्रा. दोन्ही आजार अगदी निराळे. आणि ‘जीवनसत्त्व’ दोन ‘त’ घालूनच लिहा. सत् + त्व! ‘अस्तित्व’ला एक पुरतो, कारण तिथे मूळ शब्द ‘अस्ति’ आहे. उच्चारात फरक नाही म्हणून एक ‘त’ गाळा, असं सुचवणारे शब्दाचं मूळच कापतात.

आता कोबालामिन. या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एकच अणू असतो, त्यावरून हे नाव. आणि कोबाल्ट आला जर्मन लोककथांतल्या ‘कोबोल्ड’वरून. खाणकामगारांना एक खनिज सापडे. दिसायला मौल्यवान, पण भट्टीत घातलं की हवा तो धातू नाही, उलट आर्सेनिकचा विषारी धूर. हे कोबोल्डचंच काम, असं ते म्हणत. कोबोल्डचं भाषांतर कुणी ‘राक्षस’ करतात, कुणी ‘पिशाच्च’. साफ चूक. तो वाट चुकवणारा, हूल देणारा. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: चकवा. काही पंडित त्याचं मूळ ग्रीक ‘कोबालोस’, म्हणजे लबाड, यात शोधतात. मला ते पटत नाही. जुन्या जर्मनमधल्या ‘कोबे’पासून, म्हणजे घरातल्या खोलीपासून, ही व्युत्पत्ती सरळ लागते: खोलीचा धनी. घरात असेतो राखणदार, खाणीत उतरला की चकवा.

नावातली पुढची गंमत बघा. गोळ्यांवर बहुधा ‘सायनोकोबालामिन’ असतं. ‘सायनो’चं मूळ ग्रीक ‘क्यानोस’, गडद निळा. कोबाल्टही निळ्या रंगासाठीच प्रसिद्ध. आणि १९४८ साली हे जीवनसत्त्व वेगळं काढलं तेव्हा हाती आले लालभडक स्फटिक!

शरीरातही त्याची चाल तीच. बी-१२ रक्तपेशी घडवायला लागतं, तसंच मज्जातंतूंवरचं आवरण टिकवायलाही. ते कमी असताना नुसतं फॉलिक आम्ल (बी-९) घेत राहिलं तर रक्त सुधारतं, तपासणीत सगळं ठीक वाटतं, आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात त्या यामुळेही. म्हणून ‘बी कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका, कितवं बी, तो आकडा विचारा.