पार्ट छापता येतो, पण तो गाडीला लावू कोण देणार?

पत्र : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. राहायला सातारा जिल्ह्यात. बाबा ईएमईमधून, म्हणजे लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर मी बरंच काम केलंय. सीमेवरच्या ठाण्यांना लागणारे सुटे भाग तिथल्या तिथे छापून द्यायचे, या कामात मला जायचंय. बाबा म्हणतात, ‘ही खेळणी आहेत, लष्कराची गाडी प्लास्टिकवर चालत नाही.’ पुण्यात थ्रीडी प्रिंटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी दीड लाख. करू का?

उत्तर : कोर्स करू नकोस. क्षेत्र मात्र सोडू नकोस. आता कारणं सांगतो. बाबांनाही वाचायला दे, कारण त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे.

आधी त्यांचं चुकतं कुठे ते. एखादा बारीक पार्ट नाही म्हणून गाडी महिनाभर ऑफ-रोड, म्हणजे बंद पडून उभी, इंडेंट (मागणीपत्र) वर गेलेलं, आणि शेवटी शेजारच्या गाडीचा पार्ट काढून हिला लावलेला, हे त्यांनी नोकरीत पाहिलं असणारच. लडाखमध्ये खिंडी बंद व्हायच्या आत हिवाळ्याचा सगळा साठा वर न्यावा लागतो. शिधा आणि इंधन किती लागेल याचा हिशेब मांडता येतो. पण कुठल्या गाडीचं काय तुटेल हे कोण सांगणार? अंदाजाने नेलेलं पडून राहतं आणि नेमकं हवं ते नसतं. शंभर प्रकारचे पार्ट नेण्याऐवजी कच्चा माल, मशीन आणि डिझाइनच्या फाइली न्याव्यात, हा सगळ्या खटाटोपामागचा साधा विचार आहे.

अमेरिकी लष्कराने २०१२ मध्ये वीस फुटी कंटेनरात एक छोटं वर्कशॉप बसवून दक्षिण अफगाणिस्तानात पाठवलं. त्यात थ्रीडी प्रिंटर होता, सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं मशीन होतं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिनिअर होते. जवान अडचण घेऊन यायचा आणि इंजिनिअर त्याच्याशी बोलून डिझाइन करायचा.

२०१८ मधला यूएसएस वास्प या अमेरिकी युद्धनौकेवरचा किस्सा बाबांना नक्की सांग. एफ-३५बी विमानाच्या लँडिंग गिअरच्या दारावरचा एक छोटा प्लास्टिकचा बंपर झिजला. तो सुटा मिळेना, बदलायचा तर अख्खं दार बदलायचं, खर्च सुमारे ७० हजार डॉलर. नौकेवरच्या मरीन सैनिकांनी तो प्रिंटरवर तयार केला. म्हणजे प्लास्टिकवर गाडीच काय, विमानही चालतं! पण पुढचं नीट वाच. छापला आणि लावला, असं झालं नाही. नौदलाच्या विमान विभागाची मान्यता काही दिवसांत आली, मगच तो बसवला आणि पुन्हा तपासला.

खरी नोकरी या मधल्या टप्प्यात आहे. प्रिंटरचं बटण दाबणारा माणूस कुठेही मिळतो. हा पार्ट या ठिकाणी, या भाराला, या तापमानाला टिकेल अशी सही करू शकणारा मिळत नाही.

तुझ्या कॉलेजच्या मशीनवर बहुधा पीएलए हे प्लास्टिक वापरत असाल. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात जैसलमेरला उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तुझा सुंदर ब्रॅकेट ठेवला, तर संध्याकाळी तो वाकलेला दिसेल. शिवाय थरावर थर चढवून केलेला पार्ट थरांच्या जोडावर कच्चा असतो. त्यामुळे छापताना तो उभा ठेवायचा की आडवा, यावर तो तुटणार की नाही हे ठरतं. धातूचं तर आणखी वेगळं. उष्णतेने पार्ट ओढला जातो, म्हणून ताण काढायला हीट ट्रीटमेंट द्यायची, मग मापात आणायला मशीनिंग करायचं. यूएसएस बटान या अमेरिकी युद्धनौकेवर २०२२ मध्ये जी यंत्रणा बसवली, तिच्यात लेझरने धातूची तार वितळवून थर देणारं हेड थेट सीएनसी मशीनवरच आहे. छापा आणि तिथेच घासून मापात आणा. पुढच्या वर्षी तिच्यावर एअर कंप्रेसरची स्प्रेयर प्लेट स्टेनलेस स्टीलमध्ये केली.

आपल्याकडेही हालचाल आहे, सध्या बांधकामात जास्त दिसते. लष्कराने २०२२ मध्ये अहमदाबाद छावणीत थ्रीडी प्रिंटिंगने दुमजली निवासस्थान उभारलं. पुढे लेहला, ११ हजार फुटांवर, आयआयटी हैदराबाद आणि एका स्टार्टअपच्या मदतीने संरक्षक बंकर छापला. सुट्या भागांचं काम संथ चाललंय आणि ते तसंच चालणार. लष्करी विमानात बसणाऱ्या पार्टला बेंगळुरूच्या सेमिलॅकची, म्हणजे अशी विमानं उडण्यायोग्य आहेत का हे तपासणाऱ्या सरकारी संस्थेची मान्यता लागते, ती कुणी चहा पिता पिता देत नाही.

तेव्हा दीड लाख राहू देत. त्या कोर्सचा अभ्यासक्रम तू पाठवलास तो पाहिला. चार महिने सॉफ्टवेअर आणि मशीन चालवणं, मेट्रॉलॉजीचे, म्हणजे अचूक मोजमापाचे फक्त दोन तास. अॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगवरचे (थ्रीडी प्रिंटिंगचंच हे शास्त्रीय नाव) एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्स घरी बसून फुकट ऐकता येतात. तू डायरेक्ट सेकंड इयरला डिग्रीला जा, शाखा मेकॅनिकलच ठेव. मटेरियल सायन्स, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) आणि तपासणी या विषयांना ऑप्शनला टाकायची सवय असेल तर आत्ताच सोड. सुट्टीत एखाद्या टूलरूममध्ये इंटर्नशिप मिळव, लेथवर हात काळे होऊ देत.

डिग्रीनंतर दोन वाटा आहेत. गणवेशात जायचं असेल, तर मुलींना शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या टेक्निकल एंट्रीतून ईएमईत अधिकारी होता येतं. बाबांना तुला सॅल्यूट करावा लागेल, त्यांची हरकत नसेल असं धरतो. प्रयोगशाळा आवडत असेल तर डिग्रीनंतरची गेट ही प्रवेश परीक्षा दे. पुण्यात गिरीनगरला डायट ही संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था आहे, तिथे एमटेक करता येतं, आणि डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेत सायंटिस्ट-बी (शास्त्रज्ञाचं सुरुवातीचं पद) व्हायलाही गेटच लागते. डिग्री जमली नाही तरी डिप्लोमावर डीआरडीओच्या सेप्टॅम या भरती विभागाची तांत्रिक पदांची भरती असते, तिच्यावर लक्ष ठेव.

आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून ठरला नाही म्हणतेस, तर तो घरातच आहे. नोकरीत वारंवार तुटणारे, पण तुटले तरी कुणाच्या जिवावर न बेतणारे तीन पार्ट बाबांना विचार. क्लिप, झाकण, नॉब, काहीही चालेल. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या वाटेला जाऊ नकोस. त्यातला बाजारात मिळेल असा एक घे, व्हर्नियरने मापून मॉडेल कर, तीन दिशांनी छाप आणि तिन्ही तुकडे कॉलेजच्या टेस्टिंग मशीनवर तोड. कुठला किती भाराला तुटला याची नोंद ठेव. मुलाखतीत छापलेला पार्ट सगळेच दाखवतात, तू तुटलेले दाखव.

निकाल लागला की गुणपत्रिका पाठव. कॅप राउंडला, म्हणजे डिग्रीच्या केंद्रीय प्रवेश फेरीला, कॉलेजांचा क्रम कसा लावायचा ते तेव्हा बघू.