तरवडावरच्या अळ्या

प्रश्न : फुलपाखरं यावीत म्हणून दोन वर्षांपूर्वी अंगणाच्या कडेला तरवड लावला. रोज पाणी घालते, दोनदा शेणखतही घातलं. तरी खालची पानं पिवळी होऊन गळतात आणि आता हिरव्या अळ्यांनी शेंडे खाल्लेत. फुलावर फुलपाखरू मात्र एकही बसत नाही. निंबोळी अर्क फवारू का? – एक वाचक

उत्तर : ताई, फवारा राहू द्या, आधी एक अळी जवळून बघा. अंग हिरवं, कुशीला बारीक काळ्या ठिपक्यांची रांग, खाली पांढरट रेघ? मग ती एमिग्रंट फुलपाखराची अळी. ज्यांची वाट बघताय तीच आलीत की! पानं परत फुटतील.

तरवडाच्या फुलात मध नसतोच. असतो तो पराग, तोही पुंकेसरांच्या टोकाशी असलेल्या बारीक भोकांआड कोंडलेला. काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग बाहेर उडतो. सकाळी झाडाशी उभं राहिलात तर ऐकू येईल. उडतानाची गुणगुण वेगळी, फुलावर बसल्यावरची चिरकी. फुलपाखराचं त्या फुलात काय काम? मादी येते पानावर अंडी घालायला. मधासाठी शेजारी चित्रक लावा, त्यावर ती बसतील.

पानं पिवळी पडतात ती बहुधा तुमच्या मायेने. तरवड मुरमाड माळावरचं झाड, मुळाशी सतत ओल त्याला सोसत नाही. रोजचं पाणी बंद करा. भर उन्हाळ्यात पानं मलूल दिसली तरच एकदा भरपूर द्या. शेणखत नकोच. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी तुंबत असेल तर चर काढून द्या.

आणखी झाडं हवी असतील तर माळावरून उपटून आणू नका. मी एकदा कमरेएवढं झाड खणून आणलं होतं. सोटमूळ इतकं खोल गेलेलं की कुदळीने तुटलंच. आठवड्यात झाड वाळलं. चपट्या शेंगा तपकिरी झाल्या की बी काढा. साल टणक असते, म्हणून पाणी उकळून खाली उतरवायचं आणि त्यात बी रात्रभर ठेवायचं. सकाळी जे फुगलेलं दिसेल ते पहिल्या पावसात थेट जागेवर पेरा. न फुगलेलं पुन्हा एकदा गरम पाण्यात टाका.