कागदावर नसलेली भीती

"ह्याला अंपायर व्हायचंय. क्रिकेटचा नाही, बेसबॉलचा! तुम्हीच समजवा, मॅडम." न्यू जर्सीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बाबा मुलाला घेऊन आले ते हातात कागद घेऊनच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) कागदावर गणित मांडलेलं: मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या पातळीवर, कायमचे अंपायर 76, चौघांचा एक असे 19 गट. मुलगा बावीसचा, कॉलेजचं शेवटचं वर्ष.

गणित बरोबरच होतं. मी उलट त्यात भर घातली. खालच्या, म्हणजे मायनर लीगच्या तळापासून एकेक पायरी चढायची, तिथे दोघांचीच जोडी, गावोगाव प्रवास. खेळाडूंचे हंगामातल्या 162 पैकी 81 सामने घरच्या मैदानावर. अंपायरला घरचं मैदानच नसतं. अंपायर पॅम पोस्टेमा 13 हंगाम मायनर लीगमध्ये राबल्या, 1989 मध्ये त्यांना घरी पाठवलं. जेन पावोल 2016 मध्ये त्या वाटेला लागल्या. मेजर लीगचा पहिला सामना 9 ऑगस्ट 2025 ला मिळाला.

"माहितीये," मुलगा म्हणाला.

'यश मिळेल ना?' हे पालक हमखास विचारतात. मी त्याचं उत्तर देत नाही. देणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही. मी मुलाला विचारलं, "चुकलास की काय करतोस?"

शाळेच्या एका सामन्यात त्याचा निर्णय चुकला होता. प्रेक्षकांतले पालक शेवटपर्यंत ओरडत होते. "पुढचा चेंडू येतोच ना, तो बघावा लागतो. रडू आलं ते घरी." मग त्याने मेजर लीगचे अंपायर जिम जॉइसची गोष्ट काढली. 2 जून 2010, डेट्रॉइट. चेंडू फेकणाऱ्या गलारागाने ओळीने 26 जण बाद केलेले, परफेक्ट गेमला (एकालाही बेसवर पोहोचू न देता सगळे 27 बाद) एकच बाकी. पहिल्या बेसवर जॉइसने बाद धावपटूला सेफ, म्हणजे नाबाद दिलं. नंतर रिप्ले पाहून चूक उघड कबूल केली. "दुसऱ्या दिवशी सुट्टी घेता आली असती त्याला. पण तो प्लेटमागे, प्रत्येक चेंडूचा निर्णय द्यायच्या जागी, उभा राहिला, बाबा."

बाबा बराच वेळ कागदाची घडी घालत राहिले. "तुझ्या शाळेच्या त्या सामन्याला मी होतो," ते म्हणाले. "लोक ह्याला वाट्टेल ते बोलत होते. मला ऐकवेना. मी गाडीत जाऊन बसलो."

मुलाला हे ठाऊकच नव्हतं.

पुढच्या दोन भेटींत नोकरीचा विषय फारसा निघालाच नाही. आधी पदवी, मग अंपायरचं शिबिर, एवढं ठरलंय. बाबांचा होकार अजून अर्धाच आहे. परवा निघताना मात्र दारातून मागे वळून मुलालाच विचारत होते, "ते अंपायरचे, पुढे पोलादी टोप असलेले बूट केवढ्याला पडतात रे?"