लग्नाच्या कॅसेटवर 'कॉपी प्रोटेक्टेड'ची पाटी

प्रश्न : माझ्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, १९९३ सालची, नंदगडची. मुलीनं पुण्याहून जुना डीव्हीडी रेकॉर्डर आणला म्हणून व्हीसीआरला जोडून कॉपी करायला बसलो. सीमांतपूजन नीट उतरलं. अक्षतांच्या वेळी माझे वडील अंतरपाटाजवळ उभे आहेत, तिथं आलं की 'कॉपी प्रोटेक्टेड' अशी पाटी येते आणि रेकॉर्डिंग थांबतं. दरवेळी तिथंच. बेळगावातल्या एका दुकानदारानं 'असली कॉपी कायद्यात बसत नाही' म्हणून कॅसेट परत दिली. वडील आता नाहीत. त्यांचं चालतंबोलतं चित्र एवढंच आहे. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, तुमच्या कॅसेटवर कसलंही कुलूप नाही. चूक रेकॉर्डरची आहे.

सिनेमाच्या कॅसेटींची घरी नक्कल होऊ नये म्हणून १९८०च्या दशकात मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती निघाली. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी असतात, त्यातल्या ५७६च चित्राच्या कामी येतात. उरलेल्या, न दिसणाऱ्या ओळींत जादा उजेडाचे ठोके घालायचे. टीव्हीला त्याचं सहसा काही होत नाही. व्हीसीआर मात्र रेकॉर्ड करताना सिग्नलचा जोर मोजून तो आपोआप कमी-जास्त करतो. तो या ठोक्यांनी फसतो आणि कॉपी कधी काळवंडते, कधी भगभगते. अमेरिकेत तर १९९८च्या कायद्यानं नवे व्हीसीआर असे फसणारेच बनवायची सक्ती झाली. डीव्हीडी रेकॉर्डर त्याच्या पुढचे : ठोके दिसले की कामच बंद. जुन्या टेपच्या त्याच ओळींत खरखर भरते आणि रेकॉर्डर तिलाच ठोके समजतो.

खरं कुलूप असतं तर सीमांतपूजनही उतरलं नसतं. एकाच जागी अडतंय, म्हणजे टेप तिथं झिजलीय. वडील दिसले की घरात पॉज होत असणार. पॉजमध्ये टेप थांबते, पण टेप वाचणाऱ्या हेडचा फिरता ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्यांनी त्याच जागेवर घासत राहतो. माझ्या शहापूरच्या दुकानात घरच्या ज्या कॅसेटी येतात, त्या बहुतेक अशाच ठिकाणी गेलेल्या असतात, आणि मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. तेव्हा आता ती जागा पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

आधी कॅसेटची झडप उघडून टेपच्या कडेला पांढरी बुरशी आहे का ते बघा. खानापूरच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. असेल तर व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेड भरतील. साफ करून घ्या. नसेल तर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळा, टेपचा ताण सारखा होतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे, तेही मऊ चामड्यानं. कापूस नको, त्याचे धागे हेडला अडकतात. चामडं स्थिर धरून ड्रम हातानं फिरवा, वर-खाली घासलंत तर हेड तुटेल. मग व्हीसीआरवरचं ट्रॅकिंग जुळवा, म्हणजे हेड टेपवरच्या चित्राच्या पट्ट्यांवर नेमके येतात. पुष्कळदा एवढ्यानं पाटी जाते.

नाही गेली तर व्हीसीआर आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर लावावा लागेल. तो न दिसणाऱ्या ओळी टाकून देऊन स्वच्छ नव्या बनवतो, मग रेकॉर्डरला अडायला काही उरत नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या स्टुडिओंकडे विचारा, एखाद्याकडे मिळेल.

राहिला कायदा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक ते करून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुमच्या घरचेच. २०१२ साली आलेलं ६५अ हे कलम, हक्कभंग करायच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्यासाठी आहे. इथं कुलूपही नाही आणि हेतूही नाही. सिनेमांच्या चोरीच्या सीड्या गल्लोगल्ली विकल्या गेल्या, त्या या युक्तीला अडवता आल्या नाहीत, आणि एका लेकीला मात्र तिचे वडील बघायला अडवलं जातं, हे मला अजिबात मान्य नाही.

कुणीच तयार झालं नाही तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी करून देतो. फक्त कॅसेट पोस्टानं पाठवू नका, स्वतः घेऊन या. आणि डीव्हीडी झाली तरी ती कॅसेट जपून ठेवा, कोरड्या जागी, उभी.