कॅनन एई-१ मध्ये नेमकं काय 'ऑटो' असतं? जुना विकत घ्यावा का?

जरूर घ्या. फक्त १९७६ च्या या कॅमेऱ्यात फोकस हातानेच करावा लागतो. ऑटो असतं ते अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचं छिद्र. एफडी लेन्सची (या कॅमेऱ्याला बसणारी कॅननची लेन्स) रिंग 'ए'वर ठेवा, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहील ते) १/१२५ सेकंद लावा आणि बटण अर्धवट दाबा: व्ह्यूफाइंडरमधली सुई किती अ‍ॅपर्चर मिळणार ते दाखवते. फार सुंदर सोय आहे ही! माणसाच्या मागून ऊन येत असेल तर बॅकलाइटचं बटण दाबून धरा, नाहीतर चेहरा काळा येतो.

घेताना ६ व्होल्टची ४एलआर४४ बॅटरी सोबत न्या. तिच्याशिवाय शटर चालतच नाही. क्लिक करताना खोकल्यासारखा आवाज आला तर आतलं तेल सुकलंय. दुरुस्त होतं, पण किंमत कमी करून मागा.